कोरं लेबल

खोकी आली तेव्हा ग्लेन पास्को अंघोळीला गेला होता, म्हणून त्याच्या आईने ती ड्रायव्हरकडून जिन्यातच उतरवून घेतली. आता वर जायचं तर कठड्याला धरून, अंग चोरून चढावं लागत होतं.

"बाळा!" ती खालून ओरडली. "तुझं बाळंतपण झालं बघ! जिन्यातच!"

ग्लेन टॉवेल गुंडाळूनच खाली धावला. पहिलं खोकं त्याने किल्लीने फाडलं, एक रेकॉर्ड काढली आणि उजेडात तिरकी धरली. काळी कुळकुळीत तबकडी, मधोमध पांढरं लेबल. त्यावर गाण्याचं नाव नव्हतं, करणाऱ्याचं नव्हतं, कंपनीचंही नव्हतं.

"छापायला विसरले की काय मेले?" आईने विचारलं.

"मुद्दाम कोरं ठेवलंय."

"मुद्दाम? अरे, मग हे तुझं आहे हे लोकांना कळायचं कसं?"

"कळत नाही म्हणूनच तर घेतात, आई."

"धन्य आहे. लोक नाव काढायला जन्मभर झिजतात, आणि आमचे चिरंजीव नाव पुसायला निघालेत."

आईचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण १९९१ साली इंग्लंडातल्या रॉमफर्डमध्ये रीतच तशी होती. गल्लीआड एका तरी पोराच्या खोलीत गाणी करायच्या यंत्रांची चळत असायची, खिडकीला चादर लावलेली असायची, आणि आतून दिवसभर धबधब ऐकू यायची. लेबलवर ग्लेन पास्को असं लिहिलं तर टायरच्या दुकानात काम करणाऱ्या ग्लेनला कोण हिंग लावून विचारणार होतं? कोरं ठेवलं की तीच रेकॉर्ड डेट्रॉइटहून आलेली असू शकते, बेल्जियमहून आलेली असू शकते, जिथली असली गाणी तेव्हा भारी समजली जायची. लोक हातात घेऊन कुजबुजतात. कोऱ्या लेबलावर ज्याने त्याने आपल्याला हवं ते वाचावं.

गाणं चांगलं झालं होतं. ग्लेनलाही ते माहीत होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर आठवडाभर दिसत होतं. पायाखालची जमीन हलवणारा ठेका होता, वर पियानोचे तुकडे होते. आणि मध्यभागी सगळं एकदम थांबतं तिथे, त्या शांततेत, एका बाईचा उंच, लहान मुलीसारखा आवाज यायचा. 'मी इथे आहे. मी इथे आहे. मी इथे आहे.' त्यामागे किणकिण एक घंटा वाजायची. मग ठेका परत कोसळायचा, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा.

हा आवाज त्याने आणला कुठून, ते सांगायला हवं.

बाकीची पोरं आवाज जुन्या अमेरिकन रेकॉर्डवरून उचलायची. पण ते उचललेले आवाज ओळखणं हा शनिवारी रेकॉर्डच्या दुकानात जमणाऱ्यांचा खेळच होता. सुई टेकते न टेकते तोच कुणीतरी ओरडायचं, "अमक्याच्या तमक्या गाण्यातला!" आणि मग करणाऱ्याची शोभा व्हायची. ग्लेनला असा आवाज हवा होता की भल्याभल्यांनी डोकं खाजवत बसावं. तसा आवाज त्याला घरातच सापडला, फोनला जोडलेल्या निरोपाच्या कॅसेटवर.

तो त्याच्या थोरल्या बहिणीचा होता. शेरिलचा.

शेरिलचा नवरा रॉय स्टॅग क्लबांच्या दारावर उभा राहायचा. अंगाने आडवा, बोलायला लोणी. दारुड्या पोरांनासुद्धा "या साहेब, सांभाळून" म्हणणारा. गोगलगाय आणि पोटात पाय. लग्नानंतर दोन वर्षांत शेरिल जिन्यावरून पडली, न्हाणीघरात पडली, कपाटाच्या दारावर आपटली. शेवटी गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हा पोलीस येऊन गेले आणि नवराबायकोचं भांडण म्हणून चहा पिऊन परतले. शरद संपता संपता, भर दुपारी, एक पिशवी घेऊन ती निघून गेली. कुठे गेली ते तिने सख्ख्या भावालाही सांगितलं नाही. "त्याने विचारलं तर तुला खोटं बोलावं लागायला नको," एवढंच म्हणाली. अधूनमधून कुठल्याशा रस्त्यावरच्या फोनवरून ती घरी फोन करायची.

त्या दिवशी ग्लेन घरात होता. कानांवर हेडफोन चढवून ठेक्यात बुडाला होता, म्हणून घंटी ऐकू आली नाही, आणि यंत्राने निरोप घेतला.

"ग्लेन, उचल ना रे. ... बरं, असू दे. मी इथे आहे. ठीक आहे. माणसं चांगली आहेत. माझा भाऊ गाणी करतो म्हणून सगळ्यांना सांगत असते मी. आईला सांग. आणि त्याला काही कळू देऊ नकोस, ग्लेन. कुणालाच काही सांगू नकोस."

मागे एक घंटा वाजली होती, चिरकलेली, दुहेरी आवाजाची.

भाऊ म्हणून त्याला रडूच आलं. पण त्याच क्षणी त्याच्यातला दुसरा माणूस, तो यंत्रांपुढे बसणारा, कान टवकारून म्हणाला, घंटा अगदी सुरात आहे. 'मी इथे आहे' एवढंच त्याने कापून घेतलं. घंटा घेतली. 'कळू देऊ नकोस' कॅसेटवरच राहिलं. मग त्याने आवाजाचा वेग वाढवला, इतका की शेरिलची जाडसर हाक पाखरासारखी झाली. आईला बोलावून ऐकवलं.

"ही कोण चिमणी चिवचिवतेय?" आई म्हणाली आणि हात पुसत परत गेली.

ग्लेनने सुटकेचा श्वास सोडला. जन्म दिलेल्या बाईला ओळखता येत नाही तर आणखी कुणाला येणार? शेरिलला विचारावं असं त्याच्या मनात दोनदा आलं, आणि दोन्ही वेळा फोनवर दुसरंच काही बोलणं निघालं.

एक बारीकशी गोष्ट राहिली होती. ती रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगाने वाजवायची होती. एवढ्या मोठ्या तबकड्या काही पंचेचाळीसवर चालतात, काही तेहतीसवर, आणि कुठली कशावर ते लेबलावर छापलेलं असतं. ग्लेनने पेन घेऊन एका पांढऱ्या चकतीवर ४५ लिहिलं. ते इतकं शाळकरी दिसलं की ती रेकॉर्ड त्याने बाजूला टाकली आणि बाकीच्या तशाच सोडल्या.

"ज्याला कान आहेत त्याला कळेल," तो म्हणाला.

*

क्लाइड बार्टलीचं ते रेकॉर्डचं दुकान बाजाराच्या मागच्या बोळात होतं. क्लाइडचे आईबाप जमैकाहून आलेले. तो स्वतः रॉमफर्डबाहेर फारसा गेला नव्हता, पण दुनियेतली प्रत्येक रेकॉर्ड त्याला तोंडपाठ होती. रविवारी दुपारी तो एका उंच इमारतीच्या गच्चीखालच्या खोलीतून चोरटं रेडिओ स्टेशन चालवायचा. सगळ्या गावाला ते माहीत होतं, फक्त ते बंद करायला येणाऱ्या सरकारी माणसांना सापडत नव्हतं.

शनिवारी त्याने ग्लेनची रेकॉर्ड लावली. आधी बोटाने तबकडी फिरवून पाहिली, मग भुवई उडवली.

"कितीवर?"

"पंचेचाळीस."

ठेका सुरू झाला. काउंटरला टेकलेली टाळकी एकेक करून वर झाली. मधली शांतता आली, 'मी इथे आहे' आलं, घंटा आली, आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणीच काही ओरडलं नाही. कुणालाच ओळखू येईना! ग्लेन भिंतीशी उभा राहून मनातल्या मनात तरंगत होता.

"लेका," क्लाइड त्याच्या कानाशी वाकला, "ही बाई कोण? मला तरी सांग. पोटात ठेवतो."

"तुझं पोट म्हणजे गावचा हौद. नाही सांगत."

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. जड, उबदार हात.

"काय मेव्हणे! मोठे झालात आता, ओळख ठेवा गरिबाची."

रॉय होता. त्याच्या क्लबच्या जाहिरातीची पत्रकं दुकानात ठेवायला तो दर शनिवारी यायचा. येताना ग्लेनच्या आईसाठी काहीतरी हटकून आणायचा. आज संत्री होती. आणि दर शनिवारी तो तोच एक प्रश्न, त्याच हसऱ्या तोंडाने विचारायचा.

"तिचा काही फोनबिन?"

"नाही," ग्लेन म्हणाला.

"आला तर सांग, रॉयला राग नाही. नुसती काळजी वाटते. थंडीचे दिवस, ती कोट विसरून गेलीय." ठेका चालूच होता. रॉयने पायाने ताल धरला. पुन्हा ती शांतता आली. आवाज तीनदा म्हणाला, 'मी इथे आहे,' आणि रॉय मान डोलवत राहिला.

"झकास! कुठली आहे ही पोरगी?"

"अशीच. कुठल्या तरी जुन्या टेपवरची."

"मला एक दे. मेव्हण्याची पहिली रेकॉर्ड घरात नको? आणि क्लाइड, उद्या रेडिओवर आमच्या क्लबचं नाव घ्यायला विसरू नकोस. ऐकत असतो मी, भांडी घासत घासत. आता मलाच घासावी लागतात ना."

तो हसला, बाकीचेही हसले. ग्लेनसुद्धा हसला. रेकॉर्ड काखेत मारून रॉय बोळातून गेला. तो वळणाआड होईपर्यंत ग्लेन पाहत होता, आणि त्याला वाटलं, सुटलो. इतकंच नाही, त्याला थोडा अभिमानही वाटला. माणसाची मती फिरते ती अशी.

*

रविवारचं जेवण आईने उशिरा वाढलं. भाजलेलं मटण, बटाटे, पुदिन्याची चटणी. रेडिओ खिडकीत होता, कारण तिथेच क्लाइडचं स्टेशन नीट लागायचं. क्लाइडने रॉयच्या क्लबचं नाव घेतलं, मग भोळा आव आणून म्हणाला, "आता अशी चीज, जी कुणाची आहे ते मलाही माहीत नाही." ग्लेनने काटा खाली ठेवला.

ठेका सुरू झाला, पण काहीतरी बिनसलं होतं. चिखलातून पाय ओढत यावा तसा तो येत होता.

"अरे गाढवा," ग्लेन रेडिओलाच म्हणाला, "तेहतीसवर लावलीस!"

क्लाइडच्याही ते लक्षात आलं असणार. पण त्याने सुई उचलली नाही. "थांबा थांबा," त्याचा आवाज आला, "चूक माझी आहे, पण ऐका तर, हे काही वेगळंच आहे." ठेका लांबत गेला, थांबला. आणि त्या शांततेत, पाखराचा नव्हे, एका जाडसर, थकलेल्या बाईचा आवाज आला.

'मी इथे आहे. मी इथे आहे. मी इथे आहे.'

आईच्या हातातून चटणीचं भांडं सुटलं. "ही आपली शेरिल आहे," ती म्हणाली. "ग्लेन, ही शेरिल रेडिओवर काय करतेय?"

घंटाही आता खरीखुरी वाजत होती. ठण् आणि मागोमाग चिरकं ठण्. ग्लेन फोनकडे धावला. क्लाइडचा नंबर लागत नव्हता. सगळं गाव तोच फिरवत होतं, कारण क्लाइड आता रंगात आला होता.

"ही ताई कोण, आणि ही फुटकी घंटा कुठली? जो सांगेल त्याला ही रेकॉर्ड फुकट! चला, शनिवारचे पंडित, दाखवा आपली अक्कल!"

ग्लेन नंबर फिरवत राहिला. तेवढ्यात रेडिओवर एका बाईचा खिदळता आवाज आला. "अहो, ही तर आमच्या माहेरची घंटा! सॉल्टहाइथच्या धक्क्यावरची. पलीकडे जायचं असलं की ती वाजवायची, मग म्हातारा वॉल्टर नाव घेऊन येतो. आमच्या मामाने हातोडा मारून तडा घातला होता तिला! शपथ सांगते, तसा आवाज अख्ख्या इंग्लंडात दुसरा नाही. पलीकडे चहाचं दुकान आहे, फार छान मिळतो चहा."

"सॉल्टहाइथ!" क्लाइड ओरडला. "रेकॉर्ड तुमची, ताई!"

बहीण कुठे आहे ते भावाला पहिल्यांदा असं कळलं. ज्यांनी ज्यांनी रेडिओ लावला होता त्या सगळ्यांबरोबर.

"तो ऐकत नसेल," ग्लेन म्हणाला. "आई, आज तो झोपलाही असेल." त्याने रॉयच्या घरी फोन लावला. घंटी वाजत राहिली. कुणी उचलला नाही. आई दारात त्याचा कोट धरून उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"जा," ती म्हणाली. "अरे, नुसता बघत काय राहिलास? जा!"

तरीही त्याने आपली गाडी आधी रॉयच्या घरावरून नेली. रॉयची गाडी दारात असेल, खिडकीत तो भांडी घासत असेल, अशी वेडी आशा. गाडी नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा जळत होता आणि रेडिओ चालूच होता. नळही सोडलेला होता, पाणी वाहत असल्याचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

*

सॉल्टहाइथला पोचेपर्यंत आभाळ जस्तासारखं झालं होतं. रस्ता सरळ धक्क्यावर येऊन संपला. रॉयची गाडी तिथे नीट, रेघांच्या आत उभी केलेली होती.

नदी रुंद आणि तपकिरी होती. पलीकडे गवताळ काठ, दोनचार छपरं आणि एक पिवळी खिडकी. अलीकडे खांबाला टांगलेली घंटा आणि शेजारी रस्त्यावरचा फोन. इथेच उभी राहून ती म्हणाली होती, उचल ना रे. ग्लेनने घंटेची दोरी ओढली. तोच आवाज. महिनाभर त्याने तो कापला होता, जोडला होता, पाठ केला होता.

पलीकडून नाव निघाली. घाई नसल्यासारखी आली. वल्ह्यावरचा म्हातारा लोकरीची टोपी कपाळावर ओढून बसला होता.

"दुकान बंद झालं असेल हो आता," तो म्हणाला.

"मला शेरिलकडे जायचंय. मी तिचा भाऊ."

म्हाताऱ्याने वल्हं उचललेलं तसंच धरलं आणि त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"भाऊ तर मघाशीच गेला."

"काय?"

"पोरीने मला बजावलंय ना. वॉल्टरकाका, माझं नाव घेऊन कुणी आलं तर नेऊ नका, माझ्या भावाशिवाय. म्हणून मी त्याला विचारलं, कशावरून? तर त्याने रेकॉर्ड दाखवली. म्हणाला, ही मी केली, तिच्यासाठी घेऊन आलोय. भाऊ गाणी करतो हे तीच सांगत असते उठताबसता. चांगला गृहस्थ वाटला. तिचा कोटही आणला होता बिचाऱ्याने."

"त्या रेकॉर्डवर नाव नव्हतं," ग्लेन म्हणाला. शब्द तोंडातून आपोआप आले.

"नव्हतं खरं. मी म्हटलं, नाव नाही ते? तर हसला. म्हणाला, आमच्यात अशीच रीत आहे."

ग्लेन नावेत कोसळल्यासारखा बसला. "चला," तो म्हणाला. "काका, पाया पडतो, लवकर चला." म्हाताऱ्याचा चेहरा आता बदलला होता. तो वाकून वल्ही मारायला लागला. ओहोटी नावेला बाजूला ओढत होती. ग्लेन पिवळ्या खिडकीवर नजर लावून बसला. आत कुणी हलताना दिसेना.

ते मध्यावर आले आणि पलीकडची घंटा वाजली. परत येणाऱ्यांसाठी तिथेही एक होती, तडा न गेलेली. एकच टोला, शांत, सभ्य.

"आलो, आलो," म्हातारा सवयीने म्हणाला, आणि मग त्याने वळून पलीकडे पाहिलं.

धक्क्याच्या पायरीवर रॉय उभा होता. हात धुऊन आल्यासारखे ओले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. रेकॉर्ड नव्हती. कोटही नव्हता. नाव टेकताच त्याने वाकून हात पुढे केला, दारावर म्हाताऱ्या माणसांना देतो तसा.

"या मेव्हणे. सांभाळून, शेवाळ आहे."

"शेरिल कुठंय?"

"आहे ना, इथेच आहे," रॉय म्हणाला. "तूच तर सांगितलंस."

ग्लेन त्याला ढकलून धावत सुटला. गवतातली वाट ओली होती, तो दोनदा पडला. मागे रॉय नावेत बसत होता आणि म्हातारा वॉल्टर वल्ही छातीशी धरून, "नाही, मी नाही नेणार तुम्हाला, नाही नेणार," असं म्हणत होता.

चहाच्या दुकानाचं दार उघडं होतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, एक मात्र खाली आडवी पडलेली. काउंटरच्या आड तबकडी दुभंगून पडली होती, कोरं लेबल अगदी मधोमध मोडलं होतं. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं आणि त्याच्या मुठीवर शेरिलचा कोट नीट टांगलेला होता.

"शेरिल," त्याने हाक मारली. "मी आहे. ग्लेन."

महिनाभर त्या तीन शब्दांनी त्याची खोली भरून गेली होती. हवे तितक्या वेळा, हव्या त्या वेगाने त्याने तिला ते म्हणायला लावले होते. आता एकदाच, हळू आवाजात, कसेही चालले असते.

त्याने पुन्हा हाक मारली. दाराआडून काही उत्तर आलं नाही.